उजवा कप्पा

परळीचे किराणा व्यापारी बसप्पा यांच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या अडकल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, शिवकांताबाईंना, बाजूला घेऊन छातीचा सीटी स्कॅन दाखवला. "हृदयाचा उजवा कप्पा ताण येऊन डाव्यापेक्षा मोठा झालाय. आत्ता नीट बोलतायत, पण असा पेशंट अचानक ढासळतो. त्यांना इथून हलू देऊ नका."

आत बसप्पा पलंगाच्या कडेला बसून सदऱ्याची बटणं लावत होते.

"मला कायबी झालं न्हाई. जरा दम लागतोय, बास. चल, दुकान उघडायचं हाय."

त्यांना उजवा कप्पा सांगून उपयोग नव्हता. बायकोचं म्हणणं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"जावा की," शिवकांताबाई म्हणाल्या. "पर ईश्वरी निघालीय पुण्याहून. तुमाला बघायला."

पोरीनं बसप्पांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. बसप्पांचा हात बटणावरच थांबला.

"तिला कुणी सांगितलं?"

"मी."

"येऊ दे. मी न्हाई बोलणार तिच्यासंगं." ते आडवे झाले आणि ऑक्सिजनचा मास्क त्यांनी स्वतःच तोंडावर ओढला. मग तो जरा उचलून म्हणाले, "कवर येती?"

"येईल सांजच्यापतोर."

शिवकांताबाई बाहेर व्हरांड्यात आल्या आणि कित्येक वर्षांनी त्यांनी मुलीला फोन लावला.

"ईश्वरी, तुझ्या अप्पांनी बोलावलंय. निघ."