राखीव जागेचा उमेदवार

"एक शब्द तं म्हणाचा हाये, देवाजी. नाही म्हण अन् मोकळा हो," गिरजाबाई म्हणाली आणि तिनं मुलापुढं चहा सरकवला.

प्रोफेसर देवाजी रामटेके दुर्गच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. बाप रेल्वेत खपला, मायनं रुळांच्या कामावर गिट्टी वाहिली आणि पोराला शिकवलं. आता बासष्टची निवडणूक आली होती. जागा राखीव होती, आणि देवाजींनी अर्ज भरला होता.

त्यांना आमदारकीचा सोस नव्हता. रिसालीजवळची त्यांची बस्ती भिलाईचा पोलादाचा प्लांट वाढवायला उठवणार होते. देवाजी प्रत्येक कचेरीत जाऊन आले. प्रोफेसर म्हणून खुर्ची मिळाली, चहा मिळाला, बस्तीला मात्र जागा मिळाली नाही. शेवटी लोकांनीच त्यांना उभं केलं.

पण विरोधी उमेदवारानं हरकत घेतली. हा माणूस बौद्ध झालाय, म्हणजे राखीव जागेवर याचा हक्क नाही. कायदा तसाच होता. दीक्षा घेतलेल्यांची जात शेजारीपाजारी कोणी विसरलं नव्हतं, विसरलं होतं ते फक्त सरकार. आज दुर्गला सुनावणी होती.

"मी नागपूरला दीक्षा घेतली, माय. कसं नाही म्हणू?"

"मनातून कोण सोड म्हणते? तोंडानं म्हण. साक्ष मी देईन. मायच्या शब्दावर कोण शंका घेते?"

दारात लहानू उभा होता. प्लांटात क्रेनवर खलाशी, म्हणजे वजनं बांधणारा मजूर, देवाजींचा लहानपणचा सोबती.

"सर, तुमचा अर्ज गेला तं आमाले कोण हाये?" तो म्हणाला. "पोरंबाळं घेऊन कुठं जाऊ आमी?"

कायद्यानं देवाजींना कोंडलं होतं आणि आपल्याच माणसांनी बाहेरून कडी लावली होती. त्यांनी कोट चढवला.

दुर्गला कचेरीच्या व्हरांड्यात बस्तीतली माणसं आधीच येऊन बसली होती. सगळ्यांनी उठून नमस्कार केला. देवाजींना त्यांच्याकडं बघवलं नाही.

आत निवडणूक अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं, "प्रोफेसर साहब, आपने बौद्ध दीक्षा ली है?"

देवाजींनी दाराकडं पाहिलं. लहानू हात जोडून उभा होता.

"नहीं," ते म्हणाले. "मैं हिंदू महार हूँ."

शब्द अगदी स्वच्छ निघाले, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. 'महार' ऐकताच बाकावर बसलेल्या गिरजाबाईनं झटकन मान वर केली. बाहेर कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

विरोधी वकिलाला साक्षीदार मिळाला नव्हता. दीक्षेच्या दिवशी देवाजींच्या सोबत असलेला एकही माणूस फुटला नव्हता. अधिकाऱ्यानं फाइल मिटली. माणूस भला होता.

"आपकी माताजी कह दें, बस. मैं अर्ज़ी मंजूर करता हूँ," तो म्हणाला आणि गिरजाबाईकडं वळला. "बोलो माताजी, बेटे ने दीक्षा ली थी?"

गिरजाबाई उठली. तिनं डोक्यावर पदर घेतला. मुलाकडं पाहिलं. देवाजींनी मान हलवली, नाही म्हण म्हणून.

"घेतली जी," ती म्हणाली. "अख्ख्या बस्तीले नागपूरले घेऊन तोच तं गेला होता."