निवत चाललेली कॉफी

पाहुण्यानं कॉफीचा पेला ओठाला लावला नाही. समोरच्या चटईवर तसाच ठेवून दिला.

बैठकीतलं बोलणं थांबलं. काही मागायला आलेला माणूस असंच करतो. यजमान हो म्हणेपर्यंत पीत नाही. पण दुखवट्याच्या घरात असं कुणी केलेलं अबू नाइफनं पाहिलं नव्हतं. त्याच्या मुलाला, नाइफला, कालच टेकडीवर पुरलं होतं.

"उंट हरवला असेल म्हाताऱ्याचा," पुतण्या सायेल कुजबुजला. "नाहीतर सून पळाली असेल."

"गप रे."

म्हातारा अनोळखी होता, धुळीनं माखलेला. नाव, काम विचारायची रीत नव्हती. कॉफी निवत चालली होती, आणि दारी आलेल्याची कॉफी निवणं ही घराची नामुष्की.

"प्या, बाबा," अबू नाइफ म्हणाला. "ज्यासाठी आलात, ते दिलं."

म्हाताऱ्यानं एका घोटात पेला रिकामा केला.

"विमानाचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल."

सगळ्यांनी पाहिला होता. पळवून वाळवंटात उतरवलेलं विमान. उघडं दार. दारात उपवैमानिकाच्या गणवेशातला नाइफ, गोळी लागायच्या आधीचा. त्याच्या मागे विमान पळवणारा उभा. चेहरा अंधारात, नाइफच्या खांद्यावर ठेवलेला हात तेवढा दिसत होता.

"तो हात माझ्या मुलाचा."

सायेल ताडकन उठला.

"सैनिकांनी नंतर त्याला मारलं," म्हातारा खाली बघत म्हणाला. "प्रेत घरात पडून आहे. टेकडीवरची दफनभूमी दोन्ही गावांची. आमचेच लोक म्हणतात, अबू नाइफ हो म्हणेपर्यंत कुदळ लावू देणार नाही."

"घालवा त्याला!" पडद्यामागून नाइफची आई, उम्म नाइफ, ओरडली. "ऐकताय ना? शब्द परत घ्या. तुम्हाला कुठं ठाऊक होतं!"

"कॉफी प्यायलाय तो," अबू नाइफ म्हणाला.

म्हाताऱ्यानं पेला पुढे धरला. पुरे असेल तर पेला हलवायचा असतो. त्यानं हलवला नाही, बहुधा विसरला. म्हणून अबू नाइफनं किटली उचलली. ओतताना त्याची नजर पेला धरलेल्या हाताकडे गेली. लांब बोटं, रुंद अंगठा. फोटोतल्यासारखीच.

कॉफी काठावरून बोटांवर सांडली. म्हाताऱ्यानं हात मागे घेतला नाही.

"पुरा त्याला," अबू नाइफ म्हणाला. किटली खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

"शेजारी चालेल. पण नाइफच्या मागे नको."