शेवटचा नंबर

रॅपर बंदोयच्या शवपेटीसमोर माइक मांडला होता. फिलिपिन्समधल्या दावाव शहरातल्या सगळ्या रॅप टोळ्या त्याच्यासाठी गायला जमल्या होत्या, पण जो शेवटी गाईल तो सगळ्यांत मोठा, असा त्यांच्यात रिवाज, म्हणून पहिलं कोणीच उठेना.

"शेवटी मीच. तुम्ही पोरंसोरं आधी उरका," एका टोळीचा म्होरक्या जेपोय गुरकावला.

"तू कोण मोठा लागून गेलास रे?" दुसऱ्या टोळीच्या रेनांतेने त्याची कॉलर धरली.

बंदोयच्या आईने मुलाची वही जेपोयच्या हातात ठेवली. त्यात दहा वर्षांतल्या कार्यक्रमांच्या याद्या होत्या. प्रत्येक यादीत पहिलं नाव बंदोयचंच.

"तुमच्यातलं कोणी पहिलं जायचं नाही, म्हणून तो जायचा," ती म्हणाली. "आज तो उठणार नाही. बोला, कोण जातंय?"

जेपोयने मान खाली घातली आणि रेनांते कधी पुढे होतो याची वाट पाहू लागला.