दिवस भरले

एरवी कार्टून लागलं की शाल्मलीला आजूबाजूचं भान नसे. आज मात्र पडद्यावरच्या सशाने शाळेत अफवा पसरवली आणि ती नखं कुरतडू लागली.

“आई, दिवस भरले की माणूस मरतोच का गं?”

“कुणाचे भरलेत?”

“आमच्या सरनोबतबाईंचे. शिपाईमावशी म्हणत होत्या. मी सगळ्या वर्गाला सांगितलं. सगळे रडले.”

आईला हसू आवरेना. “अगं वेडाबाई, बाईंना बाळ होणार आहे! त्यांचं पोट दिसलं नाही तुला?”

“मला वाटलं, बाई डबा मोठा आणतात.”

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. पण लगेच ती चपला शोधू लागली.

“आता कुठे निघालीस?”

“शाळेत. फळ्यावर आम्ही रंगीत खडूने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून ठेवलंय. उद्या पहिला तास बाईंचाच आहे!”