ज्यांच्या पुस्तकापायी फार्म घेतलं

ओरिन टॅगर्ट गाडीचं दार उघडून आधी खाली बघत राहिले. चिखल होता. म्हातारे गृहस्थ दार लावून घेतात की काय, असं मंजिरीला वाटून गेलं.

"या ना. तुमच्यासाठी गमबूट काढून ठेवलेत."

"नको, इथूनच दिसतंय सगळं. छान आहे."

मंजिरीचा चेहरा उतरला. याच माणसाच्या कादंबरीनं तिला लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधल्या आयटी ऑफिसातून उचलून वेल्सच्या या डोंगरावर आणलं होतं. अमेरिकेतल्या एका डोंगराळ फार्मची गोष्ट. दवानं जड झालेलं गवत, मेंढ्यांच्या अंगाची ऊब, पहाटेची ती शांतता. वाचताना ती भर ट्रेनमध्ये रडली होती. मग हॅरोचं राहतं घर विकून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मिहीरनं, हे फार्म घेतलं. आईनं बोलणं टाकलं. इथं आल्यावर पाऊस, कोल्हे, लंगडणाऱ्या मेंढ्या, सगळं सोसताना मंजिरी तीच पानं पुन्हा पुन्हा वाचायची. टॅगर्ट जवळच्या गावात भाषणाला येणार म्हटल्यावर तिनंच हट्टानं त्यांना घरी बोलावलं होतं.

चहाला ते खिडकीकडे पाठ करून बसले. मेंढ्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. लंडनमधल्या हॉटेलच्या गाद्यांबद्दल मात्र भरभरून बोलले.

मिहीर तिच्यामागून किचनमध्ये आला. "मंजू, हा माणूस टोटली फेक आहे. यानं आयुष्यात मेंढी पाहिली नसेल."

"हळू बोल रे!" ती म्हणाली खरी, पण तिलाही तेच वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात शेडमधून मेंढीचं ओरडणं ऐकू आलं. दोघं धावले. मेंढी अडली होती. कोकराचं नाक आणि एकच पाय बाहेर, पुढे काही सरकेना. मिहीर व्हेटला फोन लावत राहिला, कोणी उचलेना. मेंढीचे डोळे फिरायला लागले.

"बाजूला व्हा."

दारात टॅगर्ट होते. कोट काढलेला, बाह्या खांद्यापर्यंत सारलेल्या. "गरम पाणी आणि साबण. पटकन."

ते चिखलातच गुडघ्यांवर बसले. डोळे मिटून हात आत घातला, कोकरू हलकेच मागे ढकललं, दुमडलेला पाय शोधून सरळ केला आणि मेंढीच्या कळेबरोबर ओढलं. ओलं कोकरू पेंढ्यावर घसरलं. त्यांनी त्याचं तोंड पुसलं, नाकात गवताची काडी फिरवली. कोकरू शिंकलं.

मिहीर आ वासून बघत राहिला. मंजिरीला रडू आवरेना. म्हणजे पुस्तकातलं सगळं खरं होतं!

"तुम्ही खरंच मेंढ्या पाळल्यात!"

"अर्धं आयुष्य."

"मग ज्याच्याबद्दल इतक्या जिवापाड प्रेमानं लिहिलंत, ते फार्म तुम्हाला सोडवलं तरी कसं?"

टॅगर्टनी बादलीत हात धुतले. वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा धुतले.

"बाई, ते कोणी विकत घेईना, म्हणून तर पुस्तक लिहिलं. छापून आलं आणि शहरातून एक जोडपं डोळ्यांत पाणी घेऊन दारात उभं राहिलं." त्यांनी कोट चढवला. "तुम्हीही लिहायला घ्या."