लिफ्ट बंद आहे, विचारू नका

नऊ मजले चढून सचिवसाहेब गच्चीवरच्या मशीनखोलीत पोचले, तेव्हा त्यांच्यात भांडण्याइतकाही दम उरला नव्हता. म्हणून त्यांनी आधी नुसता मोबाइल पुढे धरला.

"हे... हे तुम्ही लिहिलंत?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. सकाळी सव्वानऊला इमारतीच्या ग्रुपवर टाकलेला आपला निरोप तो न बघताही म्हणून दाखवू शकला असता. 'लिफ्ट बंद आहे. दोर बदलल्याशिवाय चालू होणार नाही. विचारू नका.'

"मीच लिहिलं. बसा, तो स्टूल घ्या."

आलेली उत्तरं त्यानं वाचली होती. एकूण सत्तावन्न. त्यांत 'भाषा' हा शब्द अठरा वेळा, 'उद्धट' अकरा वेळा आणि 'दोर' एकदाही नाही. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी संवादातल्या सौजन्यावर तीन परिच्छेद लिहिले होते. आठव्या मजल्यावरच्या वहिनी एरवी कुणी गेल्याच्या बातमीखालीही फूल टाकून मोकळ्या होतात. त्यांनीसुद्धा या वेळी लालबुंद चेहरा शोधून काढला होता.

सचिवांचा श्वास जागेवर आला, तसा त्यांचा आवाज मऊ झाला.

"हे बघा मिस्त्री, मी तुमच्याच बाजूचा आहे. लिहिलेल्यात सूर कळत नाही हो. आपण साधं लिहावं आणि वाचणाऱ्याला ते चढ्या आवाजात ऐकू यावं, एवढंच झालंय. एक ओळ टाका, 'गैरसमज झाला, क्षमस्व.' शेवटी ते जोडलेले हात. आणि आजच्या संध्याकाळपुरती लिफ्ट सुरू करून द्या. अध्यक्षांकडे तीस-पस्तीस पाहुणे यायचेत. उद्यापासून खुशाल बंद ठेवा."

"गैरसमज कुठं झालाय?" मिस्त्री म्हणाला. "चढ्या आवाजातच लिहिलं होतं. बरोबर ऐकू आलं सगळ्यांना."

इतकी आयती पळवाट हातात दिल्यावर ती कुणी परत करतं, हे सचिवांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले आणि स्वतःचा फोन काढून ग्रुपवरचे जुने निरोप वर आणले. "हा गेल्या महिन्यातला. 'सर्वांना नमस्कार. लिफ्टचा दोर झिजत आला आहे. कृपया सवडीनं बदलून घ्यावा, ही विनंती.' पुढं जोडलेले हात, त्यापुढं हसरा चेहरा. तो चेहरा मुलीनं टाकायला लावला. म्हणाली, बाबा, त्याशिवाय तुम्ही रागावल्यासारखे वाटता. बावीस अंगठे आले, साहेब. पहिला तुमचा. पंधरा दिवसांनी हा दुसरा. यात तर हसरे चेहरेच दोन. तीस अंगठे आणि वहिनींचं फूल. सूर कळत नाही कसा? गोड सूर एकूण एक माणसाला कळला. दोर तेवढा कुणाला कळला नाही."

"कमिटीपुढं विषय ठेवलाच होता की..."

मिस्त्री उठला. चाकावरून खाली उतरणाऱ्या पोलादी दोराला त्यानं ते फडकं गुंडाळलं आणि हळूच खाली ओढलं. हातभर गेलं आणि अडकलं. हिसका दिला तसं ते टरकन फाटलं. मागं दोरावर तुटक्या तारांची बारीक टोकं उभी होती आणि त्यांना सुताचे धागे लोंबत होते.

"धडधाकट दोरावर फडकं सरळ घसरतं," तो म्हणाला. "नीट बघा."

सचिवांनी नीट बघितलं. मग ते आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"अध्यक्षांचं दुसऱ्या मिस्त्रीशी बोलणं झालंय. चार वाजता येतोय तो. चालू करून देतो म्हणालाय. आणि मग वर्षभराच्या देखभालीचं कामही त्याच्याकडेच जाणार. बारा वर्षं झाली तुम्हाला इथं. एका ओळीसाठी कशाला..."

"दोर बघून म्हणाला?"

"फोनवर म्हणाला."

ही इमारत हातची गेली की शेजारच्या दोन्ही जाणार, हे मिस्त्रीला सांगायला कुणी नको होतं. तिन्ही इमारतींचे अध्यक्ष वेगवेगळे असले तरी त्यांच्या कानाला लागणारे लोक तेच होते. त्यानं फाटक्या फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बरं. मग चारला लिफ्ट सुरू होणार, हे लोकांना आत्ताच कळवलेलं बरं. मला काही ते गोड लिहिता यायचं नाही. तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

"मी?"

"तुम्हीच. आता दोर तुम्ही बघितलाय ना. लिहा, 'दोर मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. चारपासून सर्वांनी निर्धास्त बसावे.' खाली तुमचं नाव. पुढं हसरे चेहरे हवे तेवढे टाका, माझी ना नाही."

"लिहितो की! त्यात काय एवढं," सचिव म्हणाले आणि त्यांनी तावातावानं मोबाइल उघडला.

त्यांचा अंगठा चालू लागला. मोटारीच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या मिस्त्रीच्या फोनवर अक्षरं उमटली. 'सचिवसाहेब टाइप करत आहेत.' मग ती नाहीशी झाली. पुन्हा उमटली. पुन्हा नाहीशी झाली. खाली नऊ मजले तेच बघत असणार, कारण प्राध्यापकांनी एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि पाठोपाठ वहिनींनी विचारलं, 'काय झालं साहेब?'

सचिवांनी कपाळावरचा घाम पुसला आणि अंगठा परत काचेवर धरला. तो तिथंच तरंगत राहिला.

"सावकाश होऊ द्या, साहेब," मिस्त्री पाना उचलत म्हणाला. "चार वाजायला पुष्कळ वेळ आहे."