काळजी कोण घेणार?

शहापुरातल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात पाड्यावरचा कमळू भुरं पिल्लू मागायला आला, तेव्हा तिथल्या भाग्यश्रीनं फॉर्म पुढे ओढला. "घराला कुंपण आहे का?"

"कुंपन नाय, बाय. पन घरात कोन ना कोन असतंच."

नियमात बसत नाही म्हणून तिनं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. पिल्लू गेलं आटगावच्या एका बंगल्यात. तिथली भिंत चांगली पुरुषभर उंच होती, आणि 'काळजी कोण घेणार?' या रकान्यात मालकांनी ऐटीत लिहिलं होतं, 'माणूस ठेवू.'

महिन्याभरानं भाग्यश्री पाहणीला गेली. मालक मुंबईला होते. गेट उघडलं ते कमळूनं. पिल्लू त्याच्या पायांत घोटाळत होतं.



"या बाय. आता कुंपन हाय."